बोस एस१ प्रो: सात किलोंचा स्पीकर आणि बिलातली वेगळी ओळ

बोस एस१ प्रोबद्दल लिहिणारे बहुतेक जण घरात बसून त्यावर एखादं गाणं लावतात, बास किती येतो ते सांगतात आणि चार-पाच चांदण्या देऊन मोकळे होतात. माझ्याकडे हा स्पीकर बरेच हंगाम आहे आणि त्याच्या जिवावर माझं घर चालतं, म्हणून मी जरा दुसऱ्या बाजूने लिहिते. मी गिटार घेऊन एकटी गाते. कॅफे, हॉटेलच्या लॉबी, वाढदिवस, लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम. मोठ्या स्टेजवरही गेलेय, पण तिथे माझा स्पीकर कुणी विचारत नाही. तिथे साउंडवाला असतो, त्याचे ढीगभर खोके असतात आणि त्याचे पैसे आयोजक देतो. हा रिव्ह्यू जिथे साउंडवाला नसतो त्या जागांसाठी आहे. कुठल्याही शहरात पोटापाण्यासाठी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या बहुतेक संध्याकाळी अशाच जागी जातात.

आधी वस्तू. पहिलं मॉडेल २०१८ मध्ये आलं, २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, एस१ प्रो प्लस. माझं पहिलंच आहे. वजन सात किलोंच्या आसपास. एका हातात स्पीकर, पाठीवर गिटार, दुसऱ्या हातात स्टँड आणि वायरींची पिशवी, आणि गाडीतून सगळं एका फेरीत आत. ज्यांनी पंधरा-वीस किलोंचे स्पीकर जिन्याने चढवलेत त्यांना या एका फेरीचं महत्त्व सांगायला नको. आत खालच्या सुरांसाठी सहा इंची एक वूफर आणि मधल्या-वरच्या सुरांसाठी सव्वादोन इंची तीन छोटे ड्रायव्हर आहेत. मागे तीन चॅनेल: पहिले दोन माइक किंवा गिटारसाठी, प्रत्येकाला आवाज, ट्रेबल, बास आणि रिव्हर्बची (आवाज घुमवण्याची) चाकं; तिसरा ब्लूटूथ किंवा साध्या वायरीने फोन जोडण्यासाठी. पहिल्या दोन चॅनेलवर ‘टोनमॅच’ नावाचा छोटा स्विच आहे, माइक की गिटार ते सांगितलं की स्पीकर त्याप्रमाणे सूर स्वच्छ करतो. बारीक कारागिरी त्यात नाही. पण कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं उरलीत आणि मॅनेजर डोक्यावर उभा आहे, अशा वेळी बारीक कारागिरी हवी असते कुणाला?

हा स्पीकर कसाही ठेवता येतो. उभा, आडवा, मागे कललेला, स्टँडवर. तो स्वतःची स्थिती ओळखतो आणि आवाजाची जुळवणी त्याप्रमाणे बदलतो. जाहिरातीत हे वाचून मी हसले होते. पण आम्हाला जागा मिळते ती उरलेली. खांबाच्या मागे, स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी, एकदा तर कोट टांगायच्या दांडीखाली. तिथे स्टँड उभा राहत नाही, मग स्पीकर जमिनीवर मागे रेलून ठेवायचा आणि तरी तो बरा वाजतो.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर, कारण खरी कमाई तिथे आहे. कंपनी अकरा तासांपर्यंत म्हणते. आवाज चढवला तर अर्थातच कमी. माझी लांबात लांब संध्याकाळ, साउंड चेक धरून, तिने निभावली आहे. याचा पहिला फायदा असा की ‘प्लग कुठे आहे?’ हा प्रश्न संपला. बाग, गच्ची, होडी, दुकानाच्या उद्घाटनाचा फुटपाथ, अशी कामं पूर्वी माझ्याकडे यायचीच नाहीत, कारण तिथे वीज न्यायची म्हणजे आयोजकाला आणखी एका माणसाला फोन करावा लागायचा, आणि आयोजक तो फोन करण्याऐवजी गाणंच रद्द करायचा. दुसरा फायदा कमी लोक सांगतात. कॅफेत काउंटरमागचा फ्रिज, दिव्यांचे डिमर आणि आपला स्पीकर एकाच लाइनवर असले की गिटारच्या मागे अखंड घरघर येत राहते. बॅटरीवर चालवला की ती जाते. गाणं जसंच्या तसं असतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई जरा वरच्या दर्जाची आहे. पुढची सुपारी अशाच वाटण्यावर मिळते.

आता आवाज पुरतो का? कंपनीच्या कागदावर एक मीटरवर १०३ डेसिबल लिहिलंय. हा आकडा वाचताना एक नियम लक्षात ठेवायचा: उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. म्हणजे दोन मीटरवर ९७, चारवर ९१, आठवर ८५. गप्पा मारणारी गर्दी सहज ७५-८० डेसिबलचा गलका करते. तेव्हा आठ मीटरपलीकडच्या टेबलाला तुम्ही ऐकू याल, पण शब्द कळतील याची खात्री नाही. भिंती असलेल्या खोलीत गणित थोडं सुसह्य होतं, कारण आवाज परत फिरतो. माझ्या अंदाजाने पन्नासेक बसलेली माणसं ही याची बरी मर्यादा. नाचायचं असेल तर विसरा. सहा इंची वूफरकडून छातीत धडधडणारा बास मागणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

अशा जागी हमखास कुणीतरी येऊन सांगतं, “थोडा आवाज वाढवा, मागे ऐकू येत नाही.” वाढवला की मागचे लोक आणखी मोठ्याने बोलतात. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ च्या सुमाराला हे नोंदवलं: आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. म्हणून मी चाक फिरवत नाही, स्पीकर उचलते. दोन मीटर पुढे, स्टँडवर, डोक्यांच्या वर. बॅटरी असल्यामुळे वायर ओढत नाचावं लागत नाही. अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल फुकट मिळतात, आणि माझ्या स्वतःच्या कानांना त्रास कमी. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास चालतील. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. माझ्याकडचं कान हे एकच भांडवल असं आहे जे सेकंडहँड मिळत नाही.

उणिवा. पहिल्या मॉडेलमध्ये फँटम पॉवर, म्हणजे माइकला त्याच्याच वायरीतून वीज पुरवण्याची सोय, नाही. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, ते इथे मिळणार नाहीत. मी शुअरचा एसएम५८ वापरते, १९६६ पासून बाजारात असलेला साधा डायनॅमिक माइक, त्याला कसली वीज लागत नाही, म्हणून मला अडलं नाही. जागेवरचा सार्वजनिक माइक मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. त्यावर आधी कोण कोण ओरडून गेलंय ते जाळीचा वास सांगतो. स्पीकर स्वतःच्या मागे ठेवायचा मोह होतो, म्हणजे आपल्यालाही ऐकू येतं. पण आवाज चढला की माइक तोच आवाज परत उचलतो आणि शिट्टी सुरू. जरा पुढे, बाजूला ठेवा.

दुसरी उणीव जास्त बोलकी आहे. इनपुट दोनच. एक गळा, एक गिटार. व्हायोलिनवाली मैत्रीण सोबत आली की मिक्सर आणावा लागतो. मिक्सर आला की प्लग आला, टेबल आलं, दुसरी फेरी आली. तांत्रिकदृष्ट्या ही किरकोळ अडचण आहे. पण मला नेहमी वाटतं की ज्यांनी हा स्पीकर घडवला त्यांना छोट्या जागांचा बाजार नेमका कळला होता. छोट्या जागा एकाच माणसाचे पैसे देतात. दोघं गेलात तर बिदागी दीडपट होते, तिघं गेलात तर पावणेदोनपट, चौघं गेलात तर मॅनेजर विचारतो की चौथा कशाला. माझ्या ओळखीचा एक ड्रमवादक आहे, हात सोन्याचा. आमचं चौघांचं वाजवणं चालू होतं तेव्हा महिन्याला बरी कामं असायची. आता त्याच जागी मी एकटी जाते, पूर्वी चौघांच्या वाटणीतून हाती यायचं त्याहून जास्त घेऊन घरी येते, आणि तो दिवसभर मुलांना शिकवतो. हा स्पीकर चांगला आहे असं मी म्हणते तेव्हा त्यात हेही आलं.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६० च्या दशकात कलाक्षेत्राचा हिशोब मांडला होता. कारखान्यात यंत्रं येतात आणि तोच माल कमी माणसांत होतो; चौघांनी वाजवायची रचना मात्र दोनशे वर्षांपूर्वीही चौघंच वाजवत होते आणि आजही चौघंच लागतात, तेवढाच वेळ लागतो. बाकी सगळीकडे मजुरी वाढत जाते, म्हणून वाद्यसंगीत तुलनेने महाग होत जातं. माझ्यासारख्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे चौघांचे एक होणं, आणि उरलेली जागा स्पीकर भरून काढतो.

तिसऱ्या चॅनेलचंही असंच आहे. दोन सेटच्या मध्ये मी पंधरा मिनिटं पाणी प्यायला जाते, तेव्हा ब्लूटूथवर ध्वनिमुद्रित संगीत लावते. मॅनेजर खूश. आमच्यातले एक जुने सॅक्सोफोनवाले काका हे बघून म्हणाले होते, “अगं, उद्या तो म्हणेल मधलं पंधरा मिनिटांचंच छान होतं, तेवढंच ठेवू.” काकांची चेष्टा असते तशीच होती, पण भीती जुनी आहे. १९२७ नंतर बोलपट आले तेव्हा मूकपटांना साथ करणारे हजारो वादक काही वर्षांत बेकार झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, ध्वनिमुद्रणच बंद केलं. वादकांच्या निधीसाठी रेकॉर्ड कंपन्यांनी पैसे द्यावेत म्हणून. काही कंपन्यांनी वर्षभरानंतर ऐकलं, बड्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत ताणून धरलं, पण शेवटी दिले. मी एकटी, माझ्यामागे संघटना नाही. मी एवढंच करते की मधल्या वेळात लावायची यादी माझी असते, मॅनेजरच्या फोनवरची नाही, आणि त्यात शहरातल्या ओळखीच्या वादकांची मुद्रणं असतात. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी येऊन विचारतं, हे कोण वाजवतंय? मी नंबर देते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

स्पीकर तुमचा झाला की जागेचा मालक तो गृहीत धरतो. आधी तो साउंडवाल्याला बोलावायचा, त्याचे पैसे वेगळे द्यायचा. मग तुम्ही म्हणता, माझ्याकडे आहे, मी आणते. तो म्हणतो, वा, छान. पुढच्या वेळी त्याच बिदागीत तुमचा गळा, तुमची गिटार, तुमचा स्पीकर, तुमची गाडी आणि तुमचा उचलून आणायचा घाम असतो. त्याचा एक खर्च कमी झाला आणि तो नेमका तुमच्या खिशात येऊन बसला. कुणी कुणाला फसवलेलं नसतं, बोलणंच झालेलं नसतं.

एका जागेच्या मॅनेजरशी माझं झालेलं बोलणं साधारण असं होतं.

“मॅडम, साउंडचे वेगळे पैसे? तुमचा स्वतःचा स्पीकर आहे ना?”

“आहे. तुमचं ओव्हनही तुमचं स्वतःचं आहे. गिऱ्हाइकाला फुकट भाजून देता का?”

तो हसला, पैसे मात्र त्या वेळी दिले नाहीत. पुढच्या वेळी मी बिलातच दोन ओळी लिहिल्या: गायन, आणि खाली ध्वनियंत्रणा. एकूण आकडा आधीचाच ठेवला, फक्त फोडला. त्याने काही न बोलता दिले. त्यानंतर दर वाढवायचा झाला की मी खालची ओळ वाढवते. गाण्याचा भाव करायला लोकांना संकोच नसतो, सगळ्यांना वाटतं गाणं तर तिला आवडतंच. यंत्राचं भाडं मात्र कुणाला खटकत नाही. यंत्राला आवड नसते, म्हणून त्याचा मान राहतो.

आणि मॅनेजर जर म्हणाला की यंत्रणा आमची आहे, तर खालची ओळ शून्य लिहायची, पुसायची नाही. ती दिसली पाहिजे.

भाडं किती लावायचं? खर्चापासून सुरुवात करा. समजा स्पीकर चार वर्षं जाईल आणि वर्षाला शंभर कार्यक्रम आहेत, तर किमतीचा चारशेवा भाग दर कार्यक्रमाला झिजतो. त्यात मध्येच कधीतरी लागणारी नवी बॅटरी, वायरी, स्टँड आणि नेण्या-आणण्याचा खर्च मिळवा. हा झाला तळ, याच्या खाली गेलात तर तुम्ही जागेला पैसे देऊन गाताय. वरची कड म्हणजे शहरात छोटी यंत्रणा माणसासकट भाड्याने आणायला जे पडतं ते. मी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते, ओळखीच्या कॅफेला खालच्या बाजूला, कंपन्यांना बिनदिक्कत वरच्या.

बिदागी ठरते कशी हे नवीन मुलामुलींना कुणी सांगत नाही, म्हणून थोडक्यात. ठरलेली रक्कम सगळ्यात बरी. निम्मी आधी घ्या, रद्द झालं तर ती परत नाही हे लिहून घ्या. दारावर तिकीट असेल तर टक्का, किंवा ‘ठराविक रक्कम नाहीतर दारावरचा टक्का, जे जास्त ते’. टक्का म्हटला की पहिला प्रश्न विचारायचा: कशातला टक्का? पुष्कळदा आधी साउंड, जाहिरात आणि दारावरचा माणूस यांचा खर्च वजा होतो आणि मग उरलेल्याचा टक्का येतो. इथे हा स्पीकर थेट कामाला येतो. साउंडचा खर्च वजा होणार असेल तर मी म्हणते, साउंड माझं, ती वजावट माझ्याकडे येऊ द्या. तिकिटं खपली नाहीत तरी तेवढे हातात पडतात. जागेच्या खाण्यापिण्याच्या विक्रीवर टक्का ही तिसरी तऱ्हा; ती मी घेत नाही, कारण गल्ला मला दिसत नाही. पुढे ठेवलेला टिपचा डबा हा वरकड, त्यावर घर चालवायचं नाही. ‘तुमची ओळख होईल’ हा पाचवा प्रकार. ओळख ज्यांच्याशी होते तेही पुढे फुकटच बोलावतात, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

दोन तासांचा कार्यक्रम म्हणजे दोन तास नसतात हेही हिशोबात धरा. निघणं, पोचणं, मांडणं, साउंड चेक, वाट बघणं, गाणं, आवरणं, परत येणं. हलका स्पीकर इथे पैसे वाचवतो, कारण मांडायला आणि आवरायला पाच-सात मिनिटं लागतात. एका रात्रीत दोन ठिकाणी जाणं त्यामुळेच जमतं. संध्याकाळी एखादी लॉबी, रात्री कॅफे. जड यंत्रणेने हे कधी जमलं नसतं.

जागेच्या मालकांना मी इथे खलनायक करत नाहीये. त्यांचंही फार बरं चाललेलं नसतं. ब्रिटनमधल्या छोट्या संगीत-जागांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या २०२४ च्या अहवालात या जागांचा सरासरी नफा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. एवढ्या पातळ नफ्यावर चालणाऱ्या माणसाकडून मी यंत्रणेचे पैसे मागते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला दिसतं. म्हणून ओळखीच्या जागेला मी कधी कधी दुसरा पर्याय देते: भाडं कमी घेते, पण महिन्यातला एक ठरलेला वार माझा. ठरलेला वार म्हणजे ठरलेलं उत्पन्न, आणि त्या दिवशी येणारी माणसं हळूहळू माझी होतात. दर आठवड्याला नवी जागा शोधण्यात जो वेळ आणि फोन जातो, तो शिकवण्याला देता येतो.

स्पीकर माझ्याशिवायही कमावतो, हे विकत घेताना डोक्यात नव्हतं. सकाळी व्यायामाच्या वर्गाला, कधी पुस्तकाच्या छोट्या प्रकाशनाला, कधी कुणाच्या भाषणाला तो भाड्याने जातो. चालवायला सोपा, त्यामुळे सोबत मला जावं लागत नाही. कुठलं चाक कशाचं ते कागदावर लिहून चिकटवलंय. ओळखीतल्या वादकांना मी तो कमी भाड्याने देते आणि त्याबदल्यात ते मला बदलीची कामं देतात. कुणाचा घसा बसला, कुणाच्या दोन तारखा आदळल्या, की फोन येतो. बदलीची कामं हा शहरातल्या वादकाच्या उत्पन्नाचा मोठा आणि न दिसणारा भाग आहे, आणि ती कुठल्याही जाहिरातीतून मिळत नाहीत. वेळेवर येणारा, गाण्यांचे सूर-पट्टी लगेच पकडणारा आणि स्वतःचा स्पीकर आणणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो, बहुधा याच क्रमाने.

मागे एक लाइन-आउट आहे. तिथून वायर काढून छोट्या रेकॉर्डरला जोडली की कार्यक्रमाचं मुद्रण होतं. फोनने घेतलेल्या व्हिडिओवर हा स्वच्छ आवाज बसवला की नवीन जागेला पाठवायला नमुना तयार. मला अशा दीड-दोन मिनिटांच्या तुकड्यांनी जितकी कामं दिलीत तितकी स्टुडिओत खर्च करून केलेल्या गाण्यांनी दिली नाहीत. मुद्रण थेट विकूनही बघितलं. बँडकॅम्प या संगीत थेट विकायच्या वेबसाइटवर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतले १० टक्के त्यांचे, वर पैसे पोचवण्याचं शुल्क, बाकी आपलं; ऐकायला येणाऱ्यांपैकी मोजकेच घेतात, पण घेतात. स्ट्रीमिंगचं विचारू नका. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की ज्या गाण्याला बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं गेलं नाही त्याचे मुद्रणाचे पैसे मिळणार नाहीत. माझी बरीचशी गाणी त्या उंबरठ्याच्या अलीकडे सुखाने नांदतात.

स्वतःच्या रचना गात असाल तर मात्र एक पैसा राहून जाऊ देऊ नका. सार्वजनिक जागी वाजलेल्या रचनेचा हक्क रचनाकाराचा असतो. याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. १८४७ मध्ये अर्नेस्ट बुर्जे नावाच्या रचनाकाराने एका कॅफेत बिल द्यायला नकार दिला, कारण तिथे त्याचीच रचना वाजत होती आणि त्याला कुणी काही दिलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं, तो जिंकला, आणि १८५१ मध्ये सासेम ही रचनाकारांचे पैसे गोळा करणारी संस्था उभी राहिली. आज अशा संस्था जगभर आहेत. अनेक ठिकाणी, तुम्ही सभासद असाल आणि गायलेल्या गाण्यांची यादी कळवलीत, तर छोट्या जागेतलंही मोजलं जातं. रक्कम चिमुकली असते. मी तरी यादी भरते. आवरताना, स्पीकरवरच वही ठेवून.

कुणी घेऊ नये ते सांगते. बँड असेल, ड्रम असतील, तर हा नको; ड्रमच्या साध्या फटक्यांखाली तो दबून जातो. दोघांची जोडी असेल आणि दोघंही गात असाल, तर बोसचेच किंवा इतरांचे उंच खांबासारखे स्पीकर बघा. बोसने ती जात २००३ मध्ये एल१ नावाने आणली, आवाज खोलीभर जास्त सारखा पसरतो, वजन आणि किंमत मात्र वाढते. महिन्याला एखाद-दुसरा कार्यक्रम असेल तर विकत घेऊच नका, भाड्याने आणा आणि ते भाडं बिलात लावा. त्यातूनच वेगळ्या ओळीची सवय लागेल. नियमित कामं असतील आणि एकटे असाल तर घ्या. माझा पहिल्या वर्षाच्या आत वसूल झाला, पण तो खालच्या ओळीमुळे, नुसत्या गाण्यावर याला बराच काळ लागला असता. फँटम पॉवर हवी असेल तर घेण्याआधी ती त्या मॉडेलमध्ये आहे का ते बघा.

सेकंडहँड घेत असाल तर दुकानदाराने वीज जोडून दाखवलेला आवाज ऐकून पैसे देऊ नका. प्लग काढायला लावा. बॅटरीवर, निम्म्याच्या वर आवाज ठेवून तासभर तरी वाजू द्या, दोन्ही इनपुटमध्ये आपला माइक लावून बघा, चाकं फिरवताना खरखर येते का ऐका. बॅटरी काढता-बदलता येते, म्हणून ती मेलेली असली तरी सौदा मोडायचं कारण नाही. तेवढी किंमत कमी करायला सांगा. विकणारा वादक असेल तर तो का विकतोय ते विचारा. बहुतेक वेळा तो शहर सोडून चाललेला असतो, आणि त्याच्याकडे स्टँड आणि वायरीही निघतात.